काउंटरच्या आतून : साडेसातशे रुपये शॉर्ट

गेल्या अंकात मी स्टीम वॉण्ड, म्हणजे कॉफी मशीनची दूध तापवायची वाफेची नळी, पुसायच्या फडक्यावर लिहिलं होतं. पत्रं आली ती पगारावर आणि काउंटरवरच्या नोकरीतल्या बाकीच्या त्रासांवर. म्हणून फडकं बाजूला ठेवते.

नव्या वाचकांसाठी दोन शब्द. मी मूळची वाईची. आमच्या घरी कॉफी म्हणजे जायफळ घातलेली, दुधाळ, पाहुणे आले की किंवा कुणाला बरं नसलं की व्हायची. 2008 साली पुण्यात आले आणि एका मॉलमधल्या कॉफी शॉपच्या काउंटरवर लागले. अकरा वर्षं दुसऱ्यांकडे काढली, शेवटची चार स्टोअर मॅनेजर म्हणून. आता कर्वेनगरला स्वतःचं बारा खुर्च्यांचं दुकान आहे, कामाला पाच जण. म्हणजे पगार घेणं आणि पगार देणं दोन्ही करून झालंय. खालची उत्तरं वाचताना हे ध्यानात असू द्या. दुकानदारही कधीकधी दुकानदाराच्याच बाजूने बोलतो.

ताई, मी औंधला एका कॅफेत कॅशवर बसतो. पगार 18,000. गेल्या महिन्यात तीनदा मिळून 750 रुपये शॉर्ट आले, ते पगारातून कापले. त्याच महिन्यात चार जणांचा ग्रूप 1,860 चं बिल न देताच निघून गेला, ते शिफ्टवरच्या आम्हा तिघांत वाटून लावले. आणि उशीर झाला की दर वेळी 100 रुपये दंड. मॅनेजर म्हणतो सगळीकडे हाच नियम आहे. खरंच आहे का?
– कॅशवरचा, औंध

सगळीकडे चालतं, एवढं तुझा मॅनेजर खरं बोलतो. पण तुझ्या पत्रात तीन वेगवेगळ्या रकमा आहेत आणि तिन्हींचा कायदा निराळा आहे, तेव्हा एकेक घेऊ.

आधी ग्रूपचं बिल. नुकसानीपोटी पगारातून पैसे कापायचे तर ती वस्तू किंवा ती रोकड तुझ्या ताब्यात स्पष्टपणे सोपवलेली असावी लागते आणि नुकसान थेट तुझ्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं. जुन्या 1936 च्या वेतन कायद्यात हेच होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही हेच आहे. टेबल नंबर सहावर बसलेली चार माणसं कुणी तुझ्या ताब्यात दिली नव्हती. दुधाचा जग हातात धरून उभ्या असलेल्या पोराच्या तर मुळीच नाही. तो धंद्यातला तोटा आहे, आणि धंदा मालकाचा आहे. तुमचे 620-620 रुपये परत मागा. तोंडी मागू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागा.

आता दंड. दंड कशाकशासाठी लावणार याची यादी सरकारकडून मंजूर करून घेऊन दुकानात लावावी लागते. दंड लावण्याआधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं. त्या पगारात एकूण दंड तीन टक्क्यांच्या वर जाता कामा नये, म्हणजे तुझ्या बाबतीत 540 रुपये. तो वहीत नोंदवावा लागतो आणि त्या पैशांचा उपयोग कामगारांसाठीच करावा लागतो. तुमच्याकडे दंडाच्या पैशांतून काय आणलं, हे मॅनेजरला सहज विचारून बघ. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथे हा प्रश्न विचारला की लोक पाणी प्यायला आत जायचे. उशिराचा हिशोब खरं तर सोपा आहे: वीस मिनिटं उशीर झाला तर वीस मिनिटांचा पगार जातो. तुझ्या पगारात ते तीस रुपयांच्या आत बसतं. शंभर नव्हेत.

राहिले तुझे 750. इथे मी थोडी मालकिणीच्या खुर्चीत बसते. रोकड तुझ्याकडे सोपवलेली होती, तेव्हा चूक तुझी निघाली तर कपात होऊ शकते. पण तीही आधी तुला विचारून, तू दिलेलं कारण ऐकून, आणि जेवढं नुकसान तेवढीच. महिन्यातल्या सगळ्या कपाती मिळून निम्म्या पगारापलीकडे जाऊ शकत नाहीत. पण मला खरा प्रश्न वेगळाच दिसतो: शॉर्ट येतंय कुठून?

तीन वेळांचे आकडे समोर मांड. शॉर्टचा आकडा 300 असेल तर कुणीतरी 200 ची नोट दिली आणि तू 500 समजून सुटे दिलेस. 180, 240 असा असेल आणि तो मेन्यूतल्या एखाद्या किमतीशी तंतोतंत जुळत असेल, तर चूक सुट्या पैशांची नाही. एखादी ऑर्डर पंच झाली, रद्द झाली आणि व्हॉइड, म्हणजे बिल रद्द केल्याची नोंद, मारायचा राहिला. व्हॉइडला शिफ्ट इन्चार्जचा पिन लागतो ना? तो पिन तुमच्याकडे सगळ्यांना पाठ असणार. गर्दीच्या वेळी मॅनेजर आतून ओरडून सांगतो आणि मग तो सगळ्या गावाचा होतो. ज्या दिवशी हिशोब बसत नाही त्या दिवशीची व्हॉइडची यादी काढून बघायला माग.

हल्लीची तिसरी वाट म्हणजे यूपीआय. गिऱ्हाईक हिरवी टिक दाखवतं, पुढे सरकतं, स्पीकर काही बोललेला नसतो. माझ्याकडे नियम आहे की डबी बोलल्याशिवाय कप हलत नाही. समोर कोणीही असो. एकदा आमचे भाडेमालकच दीड मिनिट थांबले होते, चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आणि फ्लोट, म्हणजे शिफ्टच्या सुरुवातीला ड्रॉवरमध्ये असलेले सुटे. शिफ्टवर बसताना ड्रॉवरमधले सुटे स्वतः मोज, वहीत लिही, आधीच्या माणसाची सही घे. उठताना पुन्हा. एका ड्रॉवरवर एका शिफ्टला एकच माणूस. "जरा दोन मिनिटं कॅश बघ, मी येतो" असं म्हणून कुणी गेलं की तो ड्रॉवर तुझा राहत नाही, आणि तिघांनी हात घातलेल्या ड्रॉवरची शॉर्ट एकाच्या पगारातून कापता येणार नाही, हे तू शांतपणे म्हणू शकतोस.

एक कबुली देते. दुकान काढल्यावर दुसऱ्या वर्षी एका मुलाच्या हातून कॉफी वाढायचा काचेचा सर्व्हर फुटला आणि मी त्याचे 600 कापले. न विचारता, न लिहिता. अकरा वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली तेच केलं. तो पुढच्या आठवड्यात आलाच नाही. नंतर मी पैसे फोनवरून पाठवले. त्याने घेतले, उत्तर दिलं नाही.

लिहून मागूनही मिळाले नाहीत तर सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज कर. पगाराच्या स्लिपा, व्हॉट्सअ‍ॅपचे स्क्रीनशॉट आणि तुझी ती फ्लोटची वही घेऊन जा. वकील लागत नाही.

मॅडम नमस्कार. माझी मुलगी बी.कॉम.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. बाणेरला एका कॉफीच्या दुकानात संध्याकाळची काम करते, राहते वारज्याला कॉट बेसिसवर. दुकान साडेदहाला बंद होतं म्हणते आणि खोलीवर पोचते साडेबाराला. मी झोपत नाही तोवर. दुकान बंद झाल्यावर दोन तास ही मुलं तिथं करतात काय? तिचे बाबा म्हणतात काम सोडायला लाव.
– एक आई, कराड

ताई, पहिल्यांदा हे सांगते की ती खरं बोलतेय. साडेदहाला बंद होतो तो फक्त दरवाजा.

त्यानंतर आत काय होतं ते सांगते. कॉफीच्या मशीनमध्ये पावडर घालून बॅकफ्लश करायचं, म्हणजे पाणी उलट्या बाजूने मारून आतला तेलकट राप काढायचा. पोर्टाफिल्टर (कॉफी भरायचे दांड्याचे कप) आणि जाळ्या गरम पाण्यात भिजत घालायच्या. ग्राइंडरमधलं बी काढून डब्यात, पाती ब्रशने झाडायची. वाफेच्या नळीवर दुधाचा थर बसलेला असतो, तो राहिला तर सकाळी वास येतो. मग फ्रीज: दुधाचा फ्रीज पाच अंशांच्या आत आहे का ते तक्त्यावर लिहायचं, उघडलेल्या प्रत्येक डब्यावर तारीख-वेळ चिकटवायची. काचेच्या काउंटरमधले उरलेले मफिन, क्रॉसाँ मोजायचे, फोटो काढायचा, फेकायचे. (हे फेकणं पहिले काही दिवस फार जिवावर येतं. घरी नेऊ देत नाहीत, कारण मग मुलं मुद्दाम जास्त लावून ठेवतात असा मालकांचा समज असतो. काही ठिकाणी तो खराही असतो.) खुर्च्या वर, झाडू, पोछा, मोरीची जाळी, कचऱ्याच्या पिशव्या, शेवटी कॅश आणि उद्याच्या दुधाची ऑर्डर.

तीन जण असतील तर सव्वा तास. दोघं असतील तर दोन तास होतात. तेव्हा लेकीला पहिला प्रश्न हा विचारा: क्लोजिंगला रोस्टरवर किती नावं असतात? दुसरा: पंच आउट, म्हणजे सुटल्याची हजेरी, कधी करतेस? बऱ्याच ठिकाणी साडेदहाला पंच आउट करायला लावतात आणि साफसफाई नंतर. ते दोन तास फुकट जातात. हजेरीत नसलेली वेळ म्हणजे कामावर नसलेली वेळ, आणि देव न करो, पण त्या वेळेत हात भाजला किंवा पाय घसरला तर दुकान हात वर करायला मोकळं. पोछा मारणं हेही काम आहे. तिने पंच शेवटी, दाराला कुलूप लावताना करावा.

आता घरी येण्याचं. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं असेल तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची व्यवस्था लागते आणि दुकानापासून तिच्या घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. नाक्यापर्यंत सोडलं, रिक्षात बसवून दिलं, एवढ्याने भागत नाही. दारापर्यंत.

मोठ्या साखळीतल्या दुकानांत ही सोय बहुधा असते, निदान कागदावर. गाडी सगळ्या शाखांच्या मुली गोळा करत फिरते, म्हणून साडेबारा वाजतात असंही असू शकेल. लहान दुकानांची गोष्ट निराळी, आणि इथे मला चीड येते ती सांगते. हा कायदा पूर्णपणे लागू व्हायची रेषा 10 कामगारांची ठेवलेली होती. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ती 20 वर न्यायला मंजुरी दिली. पुण्यातली बहुतेक लहान कॅफे आठ ते पंधरा माणसांत चालतात. म्हणजे ज्या दुकानांत गाडी नाही, सिक्युरिटी नाही, रात्री दोनच पोरी शटर ओढतात, नेमकी तीच दुकानं रेषेच्या अलीकडे राहतात. मी स्वतः पाच माणसांची मालकीण आहे, मला हे सोयीचं आहे, आणि तरीही सांगते. माझ्याकडे क्लोजिंगला मुलगी असली तर माझा भाऊ किंवा मी तिला सोडतो. हे काही मोठेपणाचं नाही, आम्ही साडेनऊलाच बंद करतो.

मॅनेजरला तुम्ही फोन करू नका. "आईचा फोन आला होता" हे त्या मुलीला वर्षभर ऐकावं लागेल. तिला सांगा की आठवड्यातून दोन क्लोजिंग माग, बाकी मिड शिफ्ट. परीक्षेच्या महिन्यासाठी आत्ताच लिहून दे. आणि नकार द्यायचा हक्क तिचा आहे. संमती एकदा सही केली की कायमची गेली असं नसतं.

काम सोडायला लावायचं की नाही ते तुम्ही तिघांनी बसून ठरवा. मला माझी आई रोज रात्री मिस्ड कॉल द्यायची, मी परत एक द्यायची, मग ती झोपायची. दहा वर्षं चाललं ते.

माझं लग्न झालं डिसेंबरात. मॅनेजर म्हणतात मेंदी उतरेपर्यंत कॉफी बनवायच्या बारवर यायचं नाही, बांगड्या-अंगठ्या काढायच्या, मंगळसूत्र पण. सासूबाईंना काय सांगू?
– नवी नवरी, नाशिक रोड

बांगड्या आणि अंगठ्यांबाबत मॅनेजर बरोबर आहेत. अन्नसुरक्षेच्या नियमांत अन्न हाताळणाऱ्यांनी खोटी नखं आणि अन्नात पडू शकतील असे सुटे दागिने घालू नयेत, नखं कापलेली असावीत, केस झाकलेले असावेत असं आहे. यात वाद घालू नकोस. खड्याच्या अंगठीखाली दूध साचून कसला वास येतो ते मी अनुभवलंय.

मंगळसूत्र आखूड करून टी-शर्टच्या आत घातलं तर ते सुटं राहत नाही. बहुतेक ठिकाणी एवढ्यावर भागतं. मेंदीचा मात्र असा काही कायदा मला कधी कुणी दाखवला नाही. तो ब्रँडचा शौक आहे. पण महिनाभर कॅशवर बसवत असतील तर बस की, पाय सुटतात.

सासूबाईंना सांग की डॉक्टरीण ऑपरेशनला जाताना काढते तसं. माझ्या सासूबाईंना हे पटलं होतं. थोडा वेळ.

एक रेग्युलर कस्टमर रोज माझ्याच काउंटरला येतो. आधी नाव विचारलं, मग बिलाच्या मागे नंबर लिहून दिला. परवा म्हणाला, "आज केस का बांधलेत?" मी सांगितलं तर इन्चार्ज हसले. म्हणाले, महिन्याला पाच-सहा हजारांचं गिऱ्हाईक आहे, स्माइल दे आणि सोड.
– नाव नको, ठाणे

सोडू नकोस. तुझा इन्चार्ज मूर्ख तरी आहे नाहीतर आळशी.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त साहेब आणि सहकाऱ्यांपुरता नाही. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही सुरक्षित वातावरण देणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं त्यात स्पष्ट आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर. बघ, स्टाफरूममध्ये लॉकरच्या मागे कुठेतरी तो कागद असेल. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची. म्हणून आजच बसून लिहून ठेव: कोणत्या तारखेला, किती वाजता, काय म्हणाला, कोण उभं होतं. ते बिल फेकलं नसशील अशी आशा आहे.

त्या आधीचं, रोजचं. तो दारात दिसला की तू बारच्या आत किंवा मागे जायचं आणि कॅशवर दुसऱ्याने यायचं, असं टीममध्ये ठरवा. आमच्याकडे त्यासाठी परवलीचा शब्द होता, "दालचिनी संपली". कुणी दालचिनी संपली म्हटलं की जो मोकळा असेल तो पुढे यायचा. त्या दुकानात दालचिनी दिवसातून चार वेळा संपायची, मालकाला वाटायचं खप वाढलाय.

आणि इन्चार्जला व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाक: मी तुम्हाला अमुक तारखेला सांगितलं होतं. बस एवढंच. त्याचं हसू उतरेल.

नऊ तास उभं राहून पोटऱ्या भरून येतात, उजवं मनगट दुखतं. एकदा क्रेटवर टेकलो तर फोटो काढून ग्रूपवर टाकला, "कस्टमरसमोर बसणे सक्त मनाई." वय 24. हे असंच असतं का?
– बरिस्ता, वाशी

तो फोटो टाकणाऱ्याला माझ्याकडून सांग की या देशात बसण्यासाठी बायकांनी आंदोलन केलंय. कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या विक्रेत्या बायकांना दिवसभर साड्या दाखवताना टेकायचीही बंदी होती. त्यांनी लढून केरळात 2018 साली कायदा बदलून घेतला, दुकानात बसायला जागा द्यायलाच हवी असा. तमिळनाडूने 2021 मध्ये तेच केलं. आणि नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत, उभं राहून काम करावं लागणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना ती लागू होते. क्रेट म्हणजे सोय नव्हे. काउंटरच्या आत एक उंच स्टूल मागा, सगळ्यांनी मिळून.

मनगटाचं मात्र तुझ्याच हातात आहे. टॅम्प करताना, म्हणजे कॉफीची पूड दाबून बसवताना, कोपर बाहेर फाकतं का बघ. कोपर थेट टॅम्परच्या वर हवं, मनगट सरळ, आणि जोर खांद्यातून खाली यायला हवा. पोरं मनगट मोडून दाबतात, दिवसाला दोनशे वेळा. अठरा ग्रॅम कॉफी दाबायला पैलवान लागत नाही. सपाट बसली की झालं. दुधाचा मोठा जग गच्च भरून उचलू नकोस, दोन लहान घे.

बूट एक नंबर मोठे आणि नरम तळाचे घे, संध्याकाळी विकत घे, कारण तेव्हा पाय सुजलेले असतात. मशीनपुढे रबरी मॅट मागून घे. ती पाणी सांडून घसरू नये म्हणूनही लागते, तेव्हा मालकाला तो खर्च पटतो. पोटरीवर निळ्या शिरा फुगून दिसायला लागल्या तर मात्र थांबू नकोस, डॉक्टरला दाखव. पगार 21,000 पर्यंत असेल आणि दुकानात दहा माणसं असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जायला हवा, तुझा पाऊण टक्का. स्लिपवर तो दिसतोय का बघ. दिसत असेल तर कार्ड काढून ईएसआयच्या दवाखान्यात जा, ते तुझेच पैसे आहेत. माझ्या एका शिफ्टमधल्या सात जणांपैकी पाच जणांना आपला ईएसआय कापला जातो हेच माहीत नव्हतं. त्यातली एक मी.

बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. कस्टमर म्हणतो टिप दिली की. आमच्या हातात काही येत नाही. क्यूआरवर टिप दिली तर ती मालकाच्या खात्यात जाते. विचारावं का?
– फ्लोअरवरचा, कोल्हापूर

विचार. सर्व्हिस चार्ज सक्तीने किंवा आपोआप बिलात लावू नये, अशी ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची सूचना जुलै 2022 पासून आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. म्हणजे गिऱ्हाइकाने "काढा" म्हटलं तर काढावा लागतो, आणि शिव्या खायला पुढे तू असतोस. मालकाला तसंच सांग: चार्ज काढा, डबा ठेवा, भांडणं कमी होतील.

क्यूआरच्या टिपेसाठी वेगळा कोड करून घ्या आणि रोजची रक्कम वहीत लिहा. माझ्याकडे डबा रविवारी रात्री सगळ्यांसमोर उघडतो आणि तासांप्रमाणे वाटतो. भांडी घासणाऱ्या मावशींनाही तेवढ्याच दराने. पहिल्या महिन्यात एका बरिस्ताने कुरकुर केली होती, लाटे आर्ट, कपातली दुधाची नक्षी, मी काढतो म्हणाला. मग एक रविवार मावशी आल्या नाहीत. परत तो विषय निघाला नाही.

ओपनिंगला असते. सकाळी सहाला ग्राइंडर लावताना एस्प्रेसोचे सात-आठ शॉट चाखावे लागतात. रात्री झोप येत नाही, छातीत धडधडतं. इतर पण असंच करतात म्हणे.
– पहाटेची, पिंपरी

इतर थुंकतात, तू गिळतेस. अठरा ग्रॅमच्या एका डबल शॉटमध्ये साधारण सव्वाशे मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि मोठ्या माणसाने दिवसाला चारशेच्या आत राहावं असं सांगतात. तू आठ वाजायच्या आत हिशोब संपवतेस, पुढे स्टाफ ड्रिंक वेगळंच.

चमच्याने घे, जिभेवर फिरव, सिंकमध्ये टाक, पाण्याने चूळ भर. वेळ आणि वजन आधी बघ: पंचवीस ते तीस सेकंदांत अठराचे छत्तीस ग्रॅम पडत नसतील तर चाखायचंच नाही, पुन्हा दळायचं. पावसाळ्यात हवा दमट झाली की दळण रोज हलतं, तेव्हा हे जास्तच लागेल. आणि डायल-इनचे, म्हणजे ग्राइंडर लावतानाचे, शॉट वेस्टेजच्या वहीत लिही, नाहीतर महिनाअखेरीला कुणीतरी म्हणेल की सकाळची मुलगी कॉफी फार पिते. धडधड आठवडाभरात गेली नाही तर ईसीजी काढून घे.